एका शब्दाचं गाणं आणि आपली नागीण

या गाण्यात एकच शब्द आहे. तो तीनदा येतो. कुणी तो गात नाही, हॉटेलात बसलेल्या गिऱ्हाईकाने पोऱ्याला ऑर्डर द्यावी तसा उच्चारतो, आणि तोच गाण्याचं नाव आहे : 'टकीला'. बाकी सगळं काम सॅक्सोफोन करतो. मार्च १९५८ मध्ये ही जेमतेम सव्वादोन मिनिटांची रेकॉर्ड अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरावर गेली आणि पाच आठवडे तिथेच बसून राहिली. बँडचं नाव 'द चॅम्प्स'.

तुम्ही हे ऐकलेलं आहे. नाव माहीत नसेल, पण एखाद्या रीलमध्ये, जाहिरातीत, विनोदी सिनेमात ही धून कानावरून गेलेली असणारच. आत्ता शोधा आणि लावा, फक्त इअरफोन घाला. फोनच्या स्पीकरवर हिचा खालचा भाग गळून जातो आणि जे उरतं ते नुसतं गमतीदार वाटतं. गंमत म्हणून ऐकलं जाणं हीच या गाण्याची अडचण आहे. १९८५ च्या 'पी-वीज बिग ॲडव्हेंचर' या सिनेमात एक किडकिडीत माणूस जाड तळव्याचे बूट घालून बारमध्ये यावर नाचतो. तेव्हापासून तर हे गाणं लागलं की लोक आधी हसतात, मग ऐकतात.

जन्माची कथा छोटी आहे. २३ डिसेंबर १९५७ ला हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत काही वादक जमले ते दुसऱ्याच गाण्यासाठी. 'ट्रेन टू नोव्हेअर' हे त्याचं नाव, आणि रेकॉर्डच्या मुख्य बाजूवर तेच गेलं. मागची बाजू कोरी ठेवता येत नाही, म्हणून डॅनी फ्लोरेस या सॅक्सोफोनवाल्याची एक धून तिथे भरली. कंपनी जीन ऑट्री या काउबॉय गायक-नटाची. त्याच्या घोड्याचं नाव चॅम्पियन, त्यावरून बँडचं नाव चॅम्प्स. आपल्याकडे बँड पार्टीला मालकाच्या बैलाचं नाव द्यावं तसला प्रकार. मग रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून लावली आणि ती आगगाडी स्टेशनातच राहिली.

फ्लोरेस कॅलिफोर्नियातला, मेक्सिकन शेतमजुरांच्या घरातला. संगीतकार म्हणून रेकॉर्डवर जे नाव आहे ते त्याचं नाही. तिथे 'चक रिओ' असं लिहिलंय, कारण खऱ्या नावाने तो आधीच दुसऱ्या कंपनीच्या करारात अडकलेला होता. तो एक शब्द बोलणारा आवाजही त्याचाच. म्हणजे धून त्याची, फुंक त्याची, शब्द त्याचा, आणि नाव मात्र कागदापुरतं घेतलेलं. १९५९ मध्ये पहिल्यावहिल्या ग्रॅमी पुरस्कारांत या धुनेला रिदम अँड ब्लूज गटातला पुरस्कार मिळाला. अमेरिकेतले हक्क फ्लोरेसने पुढे सोडून दिले, बाहेरच्या देशांतले त्याच्याकडे राहिले. २००६ मध्ये तो गेला.

आता नीट ऐकू.

घरात पेटी असेल तर सा वर एक स्वरमेळ धरा, मग तो तसाच्या तसा खाली कोमल निषादावर सरकवा, परत वर या. गाण्याचा बराचसा पाया एवढाच आहे. गिटार हे दोनच पाय टाकत राहते, त्यात ड्रम आणि टाळ्या मिसळतात, आणि वर सॅक्सोफोन एक छोटी ओळ पुन्हापुन्हा म्हणतो. एका जागी सूर मध्यमाकडे वळतो, धून जरा उंच मान करून बघते आणि पंचमावर येऊन सगळेच थांबतात. ड्रम बंद, गिटार बंद. त्या रिकाम्या जागेत तो शब्द पडतो. मग परत पहिलीच चाल.

धून म्हणून ही थोर नाही. मधला सोलोही थोर नाही. त्याच वर्षी किंग कर्टिसने कोस्टर्सच्या 'याकेटी याक'मध्ये जे वाजवलं ते कितीतरी चपळ आहे. त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, बिल डॉगेटच्या 'हॉंकी टॉंक'मध्ये क्लिफर्ड स्कॉटने सॅक्सोफोनला जी चाल दिली ती जास्त मोकळी, जास्त भरदार आहे. रॉक अँड रोल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गिटार येते, पण सुरुवातीच्या त्या वर्षांत पुढे उभा राहणारा बऱ्याचदा सॅक्सोफोन होता. फ्लोरेस त्या रांगेत सर्वात कसबी नव्हता.

मग याचंच गाणं का टिकलं? माझ्या मते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे खरखर. वाजवतानाच घशातून गुरगुरायचं, म्हणजे फुंकेत आवाज मिसळतो आणि सुराला कडा फुटतात. गावाकडच्या सनईवर वाढलेल्या कानाला ही खरखर मुळीच परकी वाटत नाही. घासून गुळगुळीत केलेला सूर आम्हाला उलट संशयास्पद वाटतो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ते थांबणं. हा माणूस थांबायला घाबरत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळत नाही की काय झालं, दुसऱ्यांदा तो वाट बघायला लागतो, तिसऱ्यांदा तो स्वतःच ओरडतो. सव्वादोन मिनिटांत एक अनोळखी धून तुम्हाला तुमचा वाटा शिकवते. बऱ्याच गायकांना हे आयुष्यभर जमत नाही.

इथून प्रश्न आपल्याकडे येतो. १९५८ साली मुंबईत सॅक्सोफोन होता, तो वाजवणारे होते, रॉक अँड रोलचं वारंही पोचलं होतं. मग आपल्याकडे कुठल्या सॅक्सोफोनवाल्याची नुसती धून घरोघरी का गेली नाही?

वारं पोचवणाऱ्यांतला एक माणूस आपलाच होता. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. १९४७ च्या 'शहनाई' नावाच्या सिनेमात त्यांनी विलायती ढंगाचं 'आना मेरी जान' घातलं, हा विनोद अजूनही जुना होत नाही. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादांच्या पायाखाली त्यांनी बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असा सगळा क्लबातला ऐवज आणून ओतला. यात त्यांच्या पाठीशी गोव्याचे वादक होते. चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन शिकलेली ही माणसं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायची आणि दिवसा स्टुडिओत फिल्मी गाणी. हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट तर 'अलबेला'त पडद्यावरही दिसतो. आणि १९५७ मध्ये, 'टकीला'च्या एक वर्ष आधी, सी. रामचंद्रांनी 'आशा'साठी 'ईना मीना डीका' केलं.

'ईना मीना डीका' माझ्या मते 'टकीला'च्या सर्वात जवळ आलेलं आपलं गाणं आहे, आणि ते जिथे थबकतं तिथेच फरक कळतो. शब्दांचा अर्थ काढून टाकण्यापर्यंत त्याने मजल मारली. बडबडगीतासारखे आवाज, त्यात चिमूटभर कोकणी. पण गाणारा काढून टाकण्याची हिंमत झाली नाही. होणारही नव्हती. आपल्याकडे गाणं पडद्यावर कुणाच्या तरी ओठांवर लागतं. अर्थ नसला तरी चालेल, ओठ पाहिजेत. किशोरकुमारांचे ओठ असतील तर मग सॅक्सोफोनवाल्याकडे कोण बघतो?

म्हणून आपल्या सिनेमात सॅक्सोफोन राहिला तो कडव्यांच्या मधल्या जागेत, गायक श्वास घेतो तेवढ्यात. त्या जागेत मनोहारी सिंग यांनी जे केलं ते अमेरिकेतल्या कुठल्याही हिट धुनेपुढे ठेवावं असं आहे. मूळचे नेपाळी घरातले, कलकत्त्यात जन्मलेले, १९५८ मध्ये मुंबईत आले, म्हणजे तिकडे 'टकीला' वाजत होतं त्याच वर्षी. १९६४ च्या 'काश्मीर की कली'मधलं ओ. पी. नय्यर यांचं 'है दुनिया उसी की' काढा. रफीसाहेब सुरू होण्याआधी सॅक्सोफोन बोलतो, आणि तो इतका भरून बोलतो की पुढे गायकाने नवीन काय सांगावं हा प्रश्नच पडतो. फ्लोरेस सुराला कडा पाडतो, मनोहारी सुराला ओलावतात. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ते बटणं दाबतायत असं वाटतच नाही, सूर घरंगळत गेल्यासारखा वाटतो. १९६९ च्या 'रूप तेरा मस्ताना'मध्येही तेच. तिथे केर्सी लॉर्ड यांचा ॲकॉर्डियन आणि मनोहारींचा सॅक्सोफोन मिळून जे सांगतात ते सांगायला सेन्सॉरने शब्दांना परवानगी दिली नसती.

पण ही जागा ठरलेली होती. हिंदी सिनेमात सॅक्सोफोन वाजला म्हणजे रात्र आहे, दारू आहे, पाऊस आहे किंवा मोहात पडण्याची वेळ आहे. घराच्या अंगणात, शेतात, देवळात तो वाजत नाही. कर्नाटकात कद्री गोपालनाथ यांनी हेच वाद्य घेऊन कर्नाटक शास्त्रीय संगीताच्या मैफली केल्या आणि १९९४ मध्ये ते लंडनच्या बीबीसी प्रॉम्सपर्यंत पोचवलं. म्हणजे वाद्याला कसलीच अडचण नव्हती. अडचण होती ती आपण त्याला दिलेल्या कामाची. मनोहारींनी 'सॅक्स अपील' नावाची स्वतःची रेकॉर्ड काढली, पण तिच्यातही वाजतात त्या फिल्मी गाण्यांच्याच चाली. ऐकणारा मनातल्या मनात शब्द भरत जातो. आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ भरायला अशाच धुना लावायचे. गाणं कोणतं ते ओळखलं की आपलं ऐकून झालं.

इथे आता मला हिंगोलीकडे यायचंय, कारण माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या स्टुडिओत मिळतच नाही. ते आमच्याकडे लग्नसराईत, मारुतीच्या देवळाकडे निघालेल्या परण्यात मिळतं.

परण्या म्हणजे नवरदेवाची मिरवणूक. घोड्यावर नवरदेव, पुढे नाचणारी पोरं, त्यांच्यापुढे बँड. हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचं गाव, तेव्हा झालरीचे कोट आणि पितळी वाद्यं यांचं आम्हाला नवल नसावं; देशभरच्या लग्नाच्या बँडांनी हा थाट लष्करी बँडांकडूनच उचललेला आहे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, फुगीर पोटाचं युफोनियम, साइड ड्रम, मोठा ढोल. बँड जरा मोठा असेल तर एखादा सॅक्सोफोन. गाड्यावर जनरेटर आणि भोंगे. आणि मजा ही की या बँडातलं प्रत्येक गाणं, निदान गायक माइक घेऊन उभा राहण्याआधी, बिनशब्दांचं असतं. सिनेमाने ज्याला कडव्यांच्या फटीत बसवलं तो वादक रस्त्यावर थेट गायकाच्या जागी उभा असतो. लताबाई, किशोरकुमार, अजय-अतुल, जे काही असेल ते त्याच्याच तोंडून बाहेर पडतं.

पण तो मोकळा नसतो. नाचणाऱ्याला माहीत नसलेली धून बँडाने वाजवली तर पोरं खिशात हात घालून उभी राहतात. बँडावरचं गाणं बिनशब्दांचं असलं तरी शब्द प्रत्येकाच्या डोक्यात वाजत असतात, वादक फक्त त्यांना चाल पुरवतो. 'टकीला'चं बरोबर उलटं. तिथे धून कोरी होती आणि तिच्यात एक शब्द टाकला, इथे शब्द भरलेले आहेत आणि धून त्यांच्या आधाराने चालते.

याला एक अपवाद आहे, आणि तो तुम्हाला माझ्याआधीच आठवला असेल.

१९५४ चा 'नागिन'. संगीत हेमंतकुमार यांचं, गाणं 'मन डोले मेरा तन डोले'. लताबाईंनी ते गायलंय, तरीही परण्यात त्याची फर्माईश होते ती बिनीसाठी. हा साधा प्रयोग करून बघा : त्या गाण्यातून लताबाईंचा आवाज काढून टाकला तर नाच थांबत नाही. बीन काढली तर थांबतो. एक जण रुमालाचं टोक दातांत धरून गारुडी होतो, दुसरा डोक्यावर दोन्ही हातांचा फणा करून मुरमाच्या रस्त्यावर लोळतो, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाचं काय होणार याची काळजी फक्त त्याच्या आईला. रॉक अँड रोलच्या काळातली आपली हिट धून हीच. 'टकीला'पेक्षा चार वर्षांनी मोठी. दारूचं नाव ती घेत नाही, पण ते काम नाचणाऱ्यांच्या तोंडाचा वास करतो.

आणि ही बीन मुळात बीन नाहीच. भोपळ्याच्या पुंगीचा तो आवाज स्टुडिओत काढला कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हियोलिनवर. क्लॅव्हियोलिन म्हणजे फ्रान्समध्ये नुकतंच निघालेलं, एका वेळी एकच सूर देणारं विजेवरचं छोटं की-बोर्ड. सोबत रवी यांची पेटी. कल्याणजी गिरगावात वाढलेले, पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले मोठे संगीतकार झाले म्हणून तरी हे आपल्याला माहीत आहे. नाहीतर त्या काळी फिल्मी रेकॉर्डवर वादकाचं नाव छापायची पद्धत नव्हती. फ्लोरेसला निदान खोटं नाव मिळालं.

धून म्हणून दोन्ही शेजारी ठेवा. 'टकीला' थांबून थांबून नाचवतं. बीन थांबतच नाही. ती चार-पाच सुरांच्या आत घोटाळत राहते, हेलकावते, परत तिथेच येते, आणि ऐकणाऱ्याला सुटायला जागा देत नाही. साप डोलतो तो पुंगीच्या हालचालीला, त्याला हवेतला तो सूर आपल्यासारखा ऐकू येत नाही असं शास्त्र म्हणतं. माणसाचं मात्र नेमकं उलटं होतं. बीन थांबायला शिकवत नाही म्हणून तिच्यात 'टकीला'सारखी प्रेक्षकाला हाक नाही. ती हाक आमच्याकडे बाहेरून येते. एक गाणं संपतं, बँड श्वास घेतो, त्या दोन-तीन सेकंदांच्या शांततेत मागून कुणीतरी एकच शब्द ओरडतो : 'नागीन!' फ्लोरेस स्वतःच थांबतो आणि स्वतःच बोलतो. आमच्या वादकाला तो शब्द ऐकून घ्यावा लागतो.

हा फरक फक्त संगीताचा नाही. गावगाड्यात डफडं आणि हलगी मातंग समाजाच्या वाट्याला लावून दिलेली होती. वाजवणं हे तिथे काम होतं, आणि त्या कामाचा मोबदला काय ते वाजवणारा ठरवत नसे. बँडाने त्यात थोडा बदल केला. अंगात कोट आला, ढोलावर पार्टीचं नाव आणि मोबाईल नंबर आला, सुपारी ठरवताना घासाघीस करता येऊ लागली. ही लहान गोष्ट नाही. पण ढोलावर नाव येतं ते मालकाचं किंवा पार्टीचं. सॅक्सोफोन वाजवणारा कोण, हे ना नवरदेवाच्या बापाला माहीत असतं ना व्हिडिओ शूटिंगवाल्याला. दहा मिनिटं बीन वाजवून ज्याने अख्खी वरात मातीत लोळवली त्याच्या तोंडासमोर दहाची नोट ओवाळली जाते, आणि ती उचलायलाही दुसरा माणूस असतो.

अमेरिकेत निदान एका धुनेच्या मालकीवर कागद होते, म्हणून फ्लोरेसने काय सोडलं आणि काय राखलं हे आज सांगता येतं. परण्यातल्या वादनावर कसलाच कागद नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतातल्या लग्नाच्या बँडांवर 'ब्रास बाजा' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं (२००५), नंतर मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांवर दुसरं. मराठीत आपण गायकांच्या आठवणींची कपाटं भरली. बँडवाल्यांवर एक धड शेल्फ भरेल इतकं लिहिलं असतं तरी पुष्कळ होतं.

डीजे आल्यापासून बीन पेन ड्राइव्हमधून वाजते. ती मूळ क्लॅव्हियोलिनचीच, किंवा तिच्यावर बास चढवलेली नक्कल. म्हणजे यंत्रातून निघालेली धून फिरून यंत्रात गेली, आणि मधली काही दशकं ती माणसांच्या फुंकेत राहिली. मला तो मधला काळ मूळ रेकॉर्डपेक्षा चांगला वाटतो, आणि हे मी जुनं ते सोनं म्हणून सांगत नाही. क्लॅव्हियोलिनवर बिनीचा हेलकावा सोपा आहे, यंत्र तो स्वतःहून देतं. सॅक्सोफोनवर तो मिळवावा लागतो. ॲडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पेटंट घेतलेलं हे वाद्य चाव्यांचं आहे. प्रत्येक सूर आपापल्या खोलीत बसलेला. दोन सुरांच्या मधल्या भिंतीतून जायचं तर जबडा सैल करावा लागतो, खालच्या ओठाने रीडवरचा दाब किंचित सोडावा लागतो, मग सूर घसरतो. जरा जास्त सोडला तर बेसूर, जरा कमी सोडला तर साप उठत नाही. वर मे महिन्याचं ऊन, पितळ तापलेलं, चालत चालत वाजवायचं, आणि गारुडी मागे सरकला तर एका दमात आणखी चार मात्रा ताणायच्या. हे सगळं जमून येतं तेव्हा बिनीच्या गुळगुळीत आवाजाला फ्लोरेससारखीच खरखर सुटते. ती शोभेसाठी काढलेली नसते. दमलेल्या घशाची असते, आणि म्हणूनच बहुधा ऐकायला जास्त खरी वाटते.